कृपया स्वतः येऊन पुस्तक परत करावे

ज्ञानवर्धक सार्वजनिक वाचनालय,
सेलू, जि. वर्धा.
२० ऑगस्ट २००७

चि. वर्षाली हिला बाबारावकाकांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. पाऊस पोटापुरता झाला, वीज तेवढीही नाही. माझे गुडघे चालू आहेत आणि एक दाढ कमी झाली आहे (तिचा या पत्राशी जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल). तुझी तब्येत कशी आहे? ई-मेलवर विचारलं की तू ‘मस्त’ एवढं लिहून मोकळी होतेस. मस्त हे काही तब्येतीचं वर्णन नव्हे. जेवण वेळेवर होतं का, पुण्याच्या हवेत सर्दी होते का, घरमालकीण पाण्यावरून बोलते का, हे सविस्तर लिहीत जा. महादेवरावांची मुलगी एका शब्दात उत्तर देते हे मला अजून पटत नाही. तुझे बाबा आपल्या वाचनालयाचे एकवीस वर्षं अध्यक्ष होते आणि ‘चहा घेता का’ या प्रश्नालाही त्यांना वीस मिनिटं लागत. (उत्तर दरवेळी ‘घेतो’ हेच असे.)

पत्र का लिहितो आहे, ते आधी सांगतो. तुझ्या ‘ग्रंथपेटी’ सॉफ्टवेअरमध्ये दोष कळवण्यासाठी जी चौकट दिली आहे, तिच्यात पाचशेच अक्षरं मावतात. हाच दोष क्रमांक एक. तो कळवायला बसलो, तर प्रस्तावनेतच चौकट संपली. शिवाय मी मागे कळवलेल्या दोष क्रमांक चारवर तू ‘बंद. असंच अपेक्षित आहे’ असा शेरा मारलास, तो मला लागला. एकतीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या माणसाला असा शेरा तर सरकारी निरीक्षकानेही मारला नाही. तू मागितलेला अंतिम अहवाल महिनाअखेरीच्या आत हवा आहे, म्हणजे तुम्हाला पक्की आवृत्ती जगाला देता येईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून राग बाजूला ठेवून लिहितो.

तुम्ही देशोदेशीची पोरं फावल्या वेळात, पगार न घेता हे सॉफ्टवेअर घडवता, ते कुणालाही फुकट वापरता येतं आणि ज्याला समजतं त्याला उघडून दुरुस्तही करता येतं, असं तू मला फोनवर तीनदा समजावलंस. मला पहिल्याच वेळी समजलं होतं. आपलं वाचनालय बेचाळीस वर्षं याच तत्त्वावर चाललं आहे. तू सीडी पाठवलीस, वर्ध्याच्या कॉलेजाने काढून टाकलेला संगणक आपल्याला मिळाला, आणि मी कामाला लागलो. ‘जतन करा’ हे बटण तुम्ही खाली कोपऱ्यात दिलं आहे. सेलूत ते मधोमध आणि ताटाएवढं हवं (दोष क्रमांक दोन), कारण इथे वीज जाण्यापूर्वी कळवत नाही. पहिली बारा पुस्तकं मी नऊ वेळा चढवली. मला आता त्यांचे दाखल क्रमांक देवाच्या नावासारखे पाठ आहेत.

आता मुख्य प्रकरण. तू चाचणीच्या सूचनांमध्ये लिहिलं होतंस, ‘खऱ्या सभासदांची नावं टाकू नका, ज्यांना काही फरक पडणार नाही अशी कुठलीही नावं टाका.’ तुला मनाने रचलेली नावं अभिप्रेत होती, हे आज मला कळतं. तेव्हा कळलं नाही. बाई, मी आजवर कुठल्याही नोंदवहीत एक खोटं नाव लिहिलेलं नाही. ‘अबक’ नावाचा माणूस, राहणार ‘चाचणीनगर’, असं लिहायला बसलो तर हातच उठेना. मग मी विचार केला की खरी असून ज्यांना काही फरक पडणार नाही अशी नावं कुणाची? कपाटातून जुनी सभासद-वही काढली. तिच्यात लाल शाईने ज्यांच्या नावामागे ‘कै.’ लिहिलं होतं आणि कार्डावर एक पुस्तक बाकी होतं, असे त्रेचाळीस जण निघाले. सगळे आपलेच, भले आणि वाचणारे. त्यांना मी सॉफ्टवेअरमध्ये रीतसर दाखल केलं, आणि त्यांच्या कार्डावर जी पुस्तकं येणे होती तीही त्यांच्या नावावर चढवली.

पुस्तकं येणे कशी, असं तू विचारशील. तो तुझ्या बाबांचा नियम. गेलेल्या माणसाच्या घरी पुस्तक मागायला जायचं नाही, असं त्यांनी अध्यक्ष झाल्याच्या पहिल्याच सभेत ठरवून टाकलं. म्हणाले, घरातले लोक रडणार का आपली पावती शोधणार? तेरावं झाल्यावर जावं तर तोवर लाज वाटते, आणि वर्षश्राद्धाला विचारणं तर अगदीच वाईट. घरचे आठवणीने देतील ते घ्यायचं, नाही दिलं तर कार्ड तसंच ठेवायचं. ही पद्धत दुसऱ्या कुठल्या वाचनालयात असेल असं वाटत नाही. तिच्यामुळे आपली त्रेचाळीस पुस्तकं कैलासवासी सभासदांकडे अडकून पडली होती.

(जाता जाता दोष क्रमांक आठ. मी नावाच्या चौकटीत आधी ‘कै.’ लिहिलं, तर सॉफ्टवेअरला वाटलं त्रेचाळीसही जणांचं नाव ‘कै.’च आहे. दर नव्या नावाला ते विचारी, ‘हा सभासद आधीच अस्तित्वात आहे का?’ मी ‘नाही’ दाबत गेलो आणि दर वेळी मनातून हात जोडत गेलो.)

सव्वीस जुलैला मी चाचणीच्या सातव्या पायरीला पोचलो, म्हणजे ‘मुदत उलटलेल्यांना सूचना छापा’. बटण दाबलं. प्रिंटर पाऊण तास करकरला आणि त्रेचाळीस सूचना बाहेर पडल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. ओमप्रकाशजींच्या सूचनेवर सॉफ्टवेअरने सात हजार एकोणसत्तर दिवस उशीर दाखवला. मी जुनी पंचांगं काढून पडताळलं, अगदी बरोबर. (तुझ्या मित्रांना शाबासकी कळव.) खाली तूच मराठीत बसवलेला मजकूर होता: ‘प्रिय सभासद, आपल्याकडील पुस्तकाची मुदत उलटली आहे. कृपया स्वतः येऊन पुस्तक परत करावे, अन्यथा आपले सभासदत्व संपुष्टात येईल.’ पुरावा म्हणून तुला पाठवायच्या, असं ठरवून तो गठ्ठा मी टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दाढ काढायला सावंगीला गेलो.

टेबलावर ठेवला, ही माझी चूक. आपल्या अनुसयाबाई (तू लहान असताना तुला झाडूने हाकलायच्या त्याच; आता त्याच शिपाई, त्याच सफाई आणि त्याच आपलं टपालखातं) पंधरा वर्षं टेबलावरचे नावाचे कागद उचलून घरोघर वाटत आल्या आहेत. वार्षिक सभेच्या सूचना तशाच जातात. मी गालावर फडकं बांधून परतलो तेव्हा टेबल स्वच्छ होतं. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी पाटीवर लिहून विचारलं, की बाई, नावं वाचली नाहीत का? त्या म्हणाल्या, ‘वाचली ना. मेलेल्या मानसाईची हायेत हे बी मालूम होतं. पन संगनकातून निघाले कागद, म्हनलं त्याले आपल्याहून जास्त मालूम असन.’ मी पाटी पुसून ठेवली.

पहिला आला तो ताराचंद, किराणावाला, ओमप्रकाशजींचा थोरला. सूचना हातात नाचवत आला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, ‘काकाजी, बाबूजीले स्वतः बलावून राह्यले तुमी! एकोनीस साल झाले. कुठून आनू मी त्याईले?’ मी गालाला हात लावून नुसता उभा. त्याला वाटलं, मी पश्चात्तापाने गप्प आहे, म्हणून तो जरा निवला आणि गेला. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला. पण तिसऱ्या दिवशी ताराचंद परत आला, या वेळी हळू. दुकानाच्या माळ्यावर जुन्या वजनांच्या पेटीत पुस्तक सापडलं होतं. त्याने ते माझ्यासमोर उघडलं. समासात ओमप्रकाशजींनी बारीक पेन्सिलीने एकेका मराठी शब्दासमोर हिंदी अर्थ लिहिलेला, पहिल्या पानापासून थेट दीडशेव्या पानापर्यंत. त्यापुढे समास कोरा. ‘दीडशे पानात बाबूजीले मराठी येऊन गेली वाटते,’ असं ताराचंद म्हणाला आणि माझ्याकडे न बघता खिडकीतून मोठ्या रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, हे पुस्तक बाबूजींच्याच नावावर अजून पंधरा दिवस चढवता येईल का? मी चढवलं. तुझ्या सॉफ्टवेअरने काही कुरकूर केली नाही. याला तू दोष म्हणशील, मी म्हणणार नाही.

मग रीघच लागली. तीन आठवड्यांत त्रेचाळीसपैकी एकोणतीस पुस्तकं आली. कुणी धुतलेल्या फडक्यात बांधून आणलं, कुणी देवघरातून आणलं (त्याला हळदीकुंकू लागलेलं, त्यामुळे शीर्षक वाचता येत नाही, पण मी काही बोललो नाही). आणणारा नुसतं ठेवून जात नाही, बसतो. आपल्या माणसाबद्दल सांगतो. जिथे सकाळी दोन पेन्शनर एका वर्तमानपत्रासाठी भांडत, तिथे आता सतरंजी अंथरावी लागते. आणि खरी पंचाईत वेगळीच झाली. ज्यांच्या घरी सूचना गेली नाही, ते रागावले. पाटलांकडचे दोघे भाऊ येऊन म्हणाले, ‘आमच्या बुढ्याले काऊन नाई आली चिठ्ठी? तो का वाचत नोयता?’ त्यांच्या बुढ्याने मरण्याच्या आठवडाभर आधी सगळी पुस्तकं परत केली होती, तसा व्यवस्थित माणूस. मी वही काढून दाखवली तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी मी सॉफ्टवेअरमधून ‘आपल्याकडे काहीही येणे नाही’ असं छापून दिलं. ते त्यांनी चौकट करून लावलं आहे.

आता तुझ्या घरचं. एक सूचना ‘कै. महादेवराव’ यांच्या नावाचीही होती, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दाखल क्रमांक दोन हजार दोनशे अठरा, मधमाशापालनावरचं ते जाड पुस्तक. बारा वर्षांत तुझ्या बाबांनी ते नऊ वेळा नेलं आणि माशी एकही पाळली नाही, कारण मंदावहिनींनी अंगणात पेटी ठेवू दिली नाही. वहिनींचा निरोप आला तेव्हा मी घाबरत गेलो. चाळीस वर्षांच्या ओळखीत त्या माझ्यावर कधी रागावल्या नव्हत्या, आणि आता रागावल्या तर त्यांची चूक नव्हती. त्यांनी मला बसवलं, चहा दिला. सूचना तुझ्या बाबांच्या फोटोच्या मागे खोचलेली होती. म्हणाल्या, ‘दोन वर्सानं त्याईच्या नावानं घरी काई आलं, भाऊजी. लाईटचं बिल, ग्यास, पासबुक, समदं पोरीनं तेराव्याच्या आत माह्या नावावर करून देल्लं. हुशार हाये पोरगी. पन मंग त्याईच्या नावानं काई येनंच बंद झालं.’

हे मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तू केलंस ते कुणी तरी करायलाच हवं होतं, आणि बाकीचे आम्ही सगळे नुसते बसून होतो. पण मला काळजी वेगळीच लागली आहे. वहिनी ते पुस्तक शोधताहेत. त्यांनी आयुष्यात कुणाची वाटीसुद्धा रिकामी परत केली नाही, आणि तुझ्या बाबांच्या नावावर काही बाकी राहिलं हे त्यांना सहन होत नाही. गाद्या उसवून झाल्या, दिवाण झाला, धान्याच्या कोठ्या झाल्या. आता माळा चालू आहे. सदुसष्टाव्या वर्षी त्या रोज दुपारी स्टुलावर चढतात. मी म्हटलं, वहिनी, सोडा, मी रद्दीत काढल्याची नोंद करतो. त्या म्हणाल्या, ‘तुमी तुमचा नियम पाळा, मी माहा पाळतो.’ तेव्हापासून मी रोज दुपारी वाचनालय तासभर बंद ठेवून स्टूल धरायला जातो.

असो. एकूण अहवाल असा की दोष सतरा निघाले, त्यांची यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे. पण सॉफ्टवेअर चांगलं आहे. एकतीस वर्षांत मला जे जमलं नाही, ते त्याने एका चुकीने करून दाखवलं. माझ्यातर्फे पक्की आवृत्ती काढायला हरकत नाही. तुझ्या परदेशातल्या मित्रांना सेलूचा नमस्कार सांग आणि त्यांनाही म्हणावं, आईवडिलांना एका शब्दाची ई-मेल पाठवू नये.

तुझा,
बाबारावकाका

ता. क. : दोष क्रमांक आठ मी ई-मेलने आधीच कळवला होता, तो वाचून तू परवा लिहिलंस, की पुढच्या आवृत्तीत एक बटण देते, ते दाबलं की मृत सभासद आणि त्यांच्या नावावरची पुस्तकं एकदम साफ होतील. तसं बटण करू नको. करायचंच असेल तर इतकं लहान कर की मला चष्म्यातूनही दिसू नये.

ता. क. दुसरा : वरच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. दोन हजार दोनशे अठरा कुठे आहे ते मला माहीत आहे. तेराव्याची पंगत उठली तेव्हा तू आतल्या खोलीत बॅग भरत होतीस आणि मी गाडीची वेळ सांगायला दाराशी आलो होतो. तू ते पुस्तक कपड्यांखाली ठेवलंस, पुन्हा काढलंस, उघडलंस. आत तुझ्या बाबांच्या चष्म्याची दोरी खूण म्हणून होती, ती हलू न देता मिटलंस आणि परत तळाशी ठेवलंस. मी तसाच मागे फिरलो. गेलेल्या माणसाच्या घरी पुस्तक मागायचं नाही, हा नियम मी तुझ्यासाठीही पाळला. नेलंस ते चांगलं केलंस. पण त्याला दोन दिवाळ्या झाल्या, बेटा, आणि तू घरी आलेली नाहीस. त्या घरात पाय ठेवणं तुला जड जात असेल हे मला समजतं. मी स्वतः अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. पण स्टूल धरून वर बघायचं आणि पुस्तक पुण्यात आहे हे ठाऊक असून ‘तिकडच्या कोपऱ्यात बघा, वहिनी’ म्हणायचं, हे माझ्याने आता होत नाही. आणि कुरियरने पाठवशील तर मी घेणार नाही. ‘स्वतः येऊन’ हे शब्द तुझेच आहेत.

ता. क. तिसरा : सोबत तुझ्या नावाची सूचना जोडली आहे. चाचणीत ज्याला फरक पडेल अशा माणसाचं नाव टाकू नका म्हणालीस, तेवढी एक सूचना मोडली. तू सभासद क्रमांक चव्वेचाळीस. परतीची तारीख मी कोरी ठेवणार होतो, तुझ्या सवडीने यावं म्हणून. पण तुझं सॉफ्टवेअर ती कोरी ठेवूच देत नाही (दोष क्रमांक सतरा), म्हणून पोळ्याचा दिवस टाकला. आज दुपारी स्टूल धरल्या धरल्या मी वहिनींना इतकंच म्हणालो, की पुस्तक पोळ्यापर्यंत सापडेल असं वाटतं. त्या जागच्या जागी थांबल्या. मग हळूहळू खाली उतरल्या, पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, ‘मंग यंदा पुरन दोघींचं घालतो.’ वर्षाली, मी तुझं नाव काढलं नव्हतं.